समतेसाठी काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याचे पहिले वर्ष

समाजासाठी काहीतरी करायचे आहे, असे सांगत येणाऱ्या विद्यार्थ्यांबरोबर मी बरीच वर्षे काम केले आहे. त्यांची तळमळ खरी असते आणि तरीही त्यांतले अनेक जण पहिल्या सहा महिन्यांतच थांबतात, कारण ‘काहीतरी’ या शब्दाला धरायला टोकच नसते. मग एका रविवारी वह्यावाटप होते, दुसऱ्या रविवारी स्वच्छतेची फेरी निघते आणि परीक्षा जवळ आली की सगळे विरून जाते. एवढ्या मोठ्या इच्छेतून एका वर्षात पेलेल असे एक काम कसे काढावे, ते कोणाबरोबर करावे आणि आपण निघून गेल्यावर ते टिकावे कसे, याची रीत या लेखात क्रमाने मांडली आहे. माझे मुख्य सांगणे असे की, विद्यार्थ्याने समतेचे काम आपण रोज वावरतो त्या आवारातल्या एका अडथळ्यापासून सुरू करावे आणि तो अडथळा ज्यांच्या वाटेत उभा आहे त्यांना पहिल्या दिवसापासून निर्णयात सहभागी करून घ्यावे.

सेवा आणि समता यांतला फरक

एखाद्या दृष्टिहीन विद्यार्थ्याला परीक्षेच्या आदल्या आठवड्यात कोणी पाठ्यपुस्तक वाचून दाखवले, तर ती सेवा झाली. तिचे मोल कमी नाही, कारण त्या आठवड्यात त्याला त्याहून अधिक गरजेचे दुसरे काही नसते. पण त्याच विद्यार्थ्याला, वर्गातल्या इतरांना पुस्तक मिळते त्याच दिवशी, ते स्वतः वाचता येईल अशा स्वरूपात मिळाले, तर त्याचा अभ्यास कोणाच्या सवडीवर अवलंबून राहत नाही. ही समता. सेवेने आजची अडचण हलकी होते. समतेचे काम करणारा तीच अडचण दर वर्षी नव्याने का उभी राहते हे शोधतो आणि ते कारण दूर करण्याच्या मागे लागतो.

या दोहोंपैकी एकच निवडावे लागते असे मुळीच नाही. बहुतेक वेळा सेवेच्या वाटेनेच समतेच्या प्रश्नापर्यंत पोहोचता येते. जेन अ‍ॅडम्स आणि एलन गेट्स स्टार या अमेरिकी समाजसेविकांनी १८८९ साली शिकागोतल्या स्थलांतरितांच्या वस्तीत हल हाऊस हे सेवाकेंद्र सुरू केले, तेव्हा तिथे बालवाडी आणि वाचनवर्ग असे साधे उपक्रम होते. वस्तीतच राहत असल्यामुळे, ज्यांच्या मुलांना शिकवायचे ती घरे आणि त्या घरांतली कारखान्यांत किंवा शिवणकामात जुंपलेली मुले त्यांना रोज दिसत होती. १८९१ मध्ये तिथे राहायला आलेल्या फ्लोरेन्स केली यांनी मुलांच्या या कामाची पद्धतशीर पाहणी केली, नोंदी जमवल्या आणि त्या राज्यकर्त्यांपुढे ठेवल्या. १८९३ मध्ये इलिनॉय राज्याने चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात कामाला ठेवण्यास मनाई करणारा कायदा केला आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी मुख्य कारखाना निरीक्षक म्हणून केली यांचीच नेमणूक झाली. बालवाडी चालवता चालवता डोळे उघडे ठेवले, म्हणून हे घडले.

पहिली पायरी : आपल्याच आवारातला एक अडथळा निवडा

नवख्या विद्यार्थ्याला दूरची वस्ती आणि मोठा प्रश्न ओढून घेतो. आपल्या महाविद्यालयात कोणाचे काय अडते हे मात्र रोज समोर असल्यामुळेच दिसेनासे झालेले असते. ग्रंथालय संध्याकाळी ज्या वेळी बंद होते, त्याच वेळी दिवसभर नोकरी करून शिकणारी मुले आवारात पोहोचतात. शिष्यवृत्तीची सूचना मुदत संपायच्या दोन दिवस आधी फलकावर लागते आणि ज्याच्या घरात कागदपत्रे जमवून देणारे कोणी नाही, तो हमखास मागे राहतो. प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर आहे आणि उद्वाहक नाही. मुलींच्या स्वच्छतागृहाची किल्ली कोणाकडे असते हे कोणालाच ठाऊक नाही. यांपैकी एकही गोष्ट वर्तमानपत्रात येत नाही, पण एखाद्याचे शिक्षण सुटायला यांतली एकही पुरते.

आवारातूनच सुरुवात केली तर ती किती दूर जाऊ शकते, हे एड रॉबर्ट्स यांच्या उदाहरणावरून समजते. चौदाव्या वर्षी पोलिओ झाल्यामुळे मानेखालचे बहुतेक शरीर निकामी झालेले रॉबर्ट्स १९६२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत दाखल झाले. श्वासासाठी लागणारे मोठे यंत्र वसतिगृहाच्या खोलीत ठेवणे शक्य नव्हते, म्हणून त्यांची राहण्याची सोय विद्यापीठाच्या कॉवेल रुग्णालयात झाली. पुढच्या काही वर्षांत तीव्र अपंगत्व असलेले आणखी विद्यार्थी तिथे राहायला आले आणि आपल्याला नेमके काय अडते याची चर्चा ते आपसांत करू लागले. मदतनीस कोणी नेमायचा, चाकाची खुर्ची बिघडली तर ती कुठे दुरुस्त होणार, पदपथाच्या कडेवरून खुर्ची खाली कशी उतरवायची, असे त्यांचे प्रश्न होते. १९७० मध्ये त्यांच्या पुढाकाराने विद्यापीठात अपंग विद्यार्थ्यांसाठी सेवा सुरू झाली आणि १९७२ मध्ये त्याच मंडळींनी विद्यापीठाबाहेर, सर्व अपंग नागरिकांसाठी, स्वतंत्र जीवन केंद्र उभे केले. पदपथाला दिलेला जो उतार त्यांनी मागितला होता, त्याचा उपयोग आज बाबागाडी ढकलणारे पालक आणि सामान ओढणारे हमालही करतात.

अडथळा निवडताना मी तीन कसोट्या लावायला सांगतो. तो तुम्ही स्वतः, वेगवेगळ्या दिवशी, किमान तीनदा पाहिलेला असावा. तो सोसणाऱ्यांपैकी निदान एक जण तुमच्याबरोबर काम करायला राजी असावा. आणि त्याविषयी निर्णय घेणारी व्यक्ती अशी असावी की तिच्या दारापर्यंत तुम्हाला चालत जाता येईल. तिसरी कसोटी पुष्कळांना कमीपणाची वाटते, पण पहिल्या वर्षी माझा भर तिच्यावरच असतो, कारण ज्याच्याशी कधी समोरासमोर बोलणेच होणार नाही अशा दूरच्या सत्तेविरुद्ध काम सुरू केले, तर मागणी कशी करावी, नकार कसा ऐकावा आणि पुन्हा कसे जावे, यांतले काहीच शिकायला मिळत नाही.

दुसरी पायरी : सहा आठवडे फक्त ऐका

या पायरीवर सर्वांत जास्त घाई होते आणि सर्वांत जास्त नुकसानही इथेच होते. माझाच अनुभव सांगतो. आमच्या गटाने एका वस्तीत शाळकरी मुलांसाठी संध्याकाळचा अभ्यासवर्ग सुरू केला. पुस्तके आणली, फळा लावला, वेळापत्रक टांगले. महिन्याभरात मुली येईनाशा झाल्या आणि आम्ही आपसांत असा निष्कर्ष काढला की, त्यांच्या घरच्यांना मुलींच्या शिक्षणाची किंमत नाही. पुढे एका आईने सहज बोलता बोलता सांगितले की, ती कामावरून परतेपर्यंत धाकट्या भावंडांना सांभाळायला मोठी मुलगी घरी लागते, आणि आमचा वर्ग नेमका त्या दोन तासांत भरत होता. वर्ग दीड तासाने पुढे ढकलला आणि भावंडांना बरोबर आणायची मुभा दिली, तेव्हा मुली परत आल्या. ज्या माणसांवर आम्ही मनात ठपका ठेवला होता, त्यांना आम्ही एकदाही काही विचारले नव्हते. त्या चुकीची टोचणी मला अजून आहे.

ऐकण्याचीही रीत असते. ‘तुम्हाला काय हवे?’ या प्रश्नाला लोक बहुधा समोरच्याला जे देता येईलसे वाटते तेच मागतात. त्याऐवजी घडलेल्या गोष्टीविषयी विचारावे : गेल्या सत्रात काम कधी अडले, त्या दिवशी तुम्ही काय केलेत, कोणाकडे गेलात, त्यांनी काय सांगितले, शेवटी काय झाले? असे विचारले म्हणजे उत्तरात वेळ, जागा, कागद आणि माणसे येतात, आणि पुढच्या कामाला नेमके तेच लागते. बोलणे एकेकट्याशी करावे, कारण गटात ज्याचा आवाज मोठा त्याचेच म्हणणे सर्वांचे म्हणून लिहिले जाते. टिपण घेण्यापूर्वी परवानगी घ्यावी, लिहिलेले वाचून दाखवावे आणि सांगणाऱ्याने ‘हे खोडा’ म्हटले तर त्याच्यासमोर खोडावे. आठ-दहा जणांशी असे सावकाश बोललात, तर शंभर जणांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावलीपेक्षा जास्त कळते, असे माझे मत आहे. प्रश्नावली नंतर, काय मोजायचे हे ठरल्यावर, उपयोगी पडते.

अमेरिकेच्या दक्षिण भागात, साउथ कॅरोलिनातल्या जॉन्स आयलंड या बेटावर, जानेवारी १९५७ मध्ये प्रौढ कृष्णवर्णीयांसाठी एक वर्ग सुरू झाला. मतदार म्हणून नाव नोंदवायचे तर वाचनाची परीक्षा द्यावी लागे आणि तीच त्यांना मतदानापासून दूर ठेवण्याचे साधन झाली होती. नागरी हक्कांसाठी झटणाऱ्या शिक्षिका सेप्टिमा क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकवण्यासाठी मुद्दाम बर्निस रॉबिन्सन यांना निवडले. त्या केशरचनेचा व्यवसाय करत आणि त्यांनी पूर्वी कधीही शिकवले नव्हते, त्यामुळे शिक्षकी थाट त्यांच्याकडे नव्हता. त्यांनी शाळेतून आणलेली लहान मुलांची पुस्तके बाजूला ठेवली आणि जमलेल्या चौदा जणांना काय शिकायचे आहे ते विचारले. त्यांना स्वतःचे नाव लिहायचे होते, आलेली पत्रे वाचायची होती, पैसे पाठवण्याचे आणि वस्तू मागवण्याचे कागद भरायचे होते. अभ्यासक्रम त्यावरून ठरला आणि मतदार नोंदणीचा अर्ज त्यातच आला. पुढे हा वर्गांचा नमुना दक्षिणेतल्या अनेक राज्यांत पसरला.

आपण खरोखर सहभाग देतो आहोत की सहभागाचा देखावा करतो आहोत, हे तपासण्यासाठी शेरी आर्नस्टाइन या अमेरिकी अभ्यासक स्त्रीने १९६९ मध्ये मांडलेली आठ पायऱ्यांची शिडी नवख्यांनी जरूर वापरावी. तिच्या तळाशी लोकांना फक्त वळवून घेणे आहे. मधल्या पायऱ्यांवर माहिती देणे, मत विचारणे आणि समजूत काढणे. वर भागीदारी, सोपवलेला अधिकार आणि शेवटी लोकांचे स्वतःचे नियंत्रण. विद्यार्थ्यांचे बहुतेक उपक्रम ‘मत विचारले’ इथवर पोहोचतात आणि थांबतात. तुमच्या बैठकीत, ज्यांच्यासाठी हे काम चालले आहे त्यांच्यापैकी कोणी ‘हे करू नका’ म्हटले तर ते काम थांबते का? थांबत नसेल, तर शिडीवर तुम्ही कुठे आहात हे तुम्हाला कळले आहे.

तिसरी पायरी : आपण कुठे उभे आहोत ते ओळखा

निवडलेला अडथळा तुम्ही स्वतः कधी सोसलेला नसेल, तर पहिल्या काही महिन्यांत बोलण्याची संधी दुसऱ्याकडे देण्याची सवय लावून घ्यावी लागते. प्राचार्यांना भेटायला जाताना सोबत जाणे, कागद तयार करणे, बैठकीचे इतिवृत्त लिहिणे, खोली मिळवणे ही कामे तुमची. अडचण मांडणे हे ज्याची अडचण त्याचे काम, अर्थात त्याची तशी इच्छा असेल तर.

तुम्ही स्वतःच तो अडथळा सोसत आला असाल, तर तुमची गोष्ट वेगळी आहे आणि तिच्याविषयी फार कमी लिहिले जाते. घरातून प्रथमच उच्च शिक्षणापर्यंत पोहोचलेल्या विद्यार्थ्याकडून सगळ्यांच्याच अपेक्षा असतात : घरच्यांच्या, समाजाच्या, आणि संस्थेच्याही, कारण प्रत्येक कार्यक्रमात ‘तुमच्यापैकी कोणीतरी’ म्हणून त्यालाच बोलावले जाते. अशा विद्यार्थ्याने स्वतःचा अभ्यास आधी सांभाळला, तर त्यात स्वार्थ नाही. प्रत्येक निमंत्रण स्वीकारणे बंधनकारक नाही, आणि स्वतःचे दुःख दर वेळी उलगडून दाखवणे तर मुळीच नाही. पण ज्या दिवशी स्वतःहून बोलावेसे वाटेल, त्या दिवशीच्या बोलण्याला दुसऱ्या कोणाच्या शब्दांची सर येत नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे यांनी मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. धर्माच्या नावाने नाकारलेले शिक्षण आणि आपल्या माणसांवर होणारा जुलूम यांविषयीचे थेट प्रश्न त्या शाळकरी मुलीने स्वतःच्या लेखणीने विचारले होते.

चौथी पायरी : तास मोजा

ही पायरी छोटी आहे, पण ती वगळू नये. एक सत्र साधारण सोळा आठवड्यांचे धरले आणि आठवड्याला चार तास दिले, तर हाती चौसष्ट तास येतात. परीक्षेचे तीन आठवडे वजा केले की बावन्न उरतात. त्यांतले अठरा-वीस ऐकण्यात, दहा-बारा कागदपत्रांत आणि भेटींत जातील. राहिलेल्या वीस तासांत जे बसेल तेवढेच काम त्या सत्रात हाती घ्यावे. जे करू असे सांगितले नव्हते ते न केल्याने कोणाचे बिघडत नाही. पण येतो म्हणून सांगितलेला वर्ग अचानक बंद पडला, तर ज्या मुलाचा मोठ्या माणसांच्या शब्दावरचा विश्वास आधीच कमी असतो, त्याचा उरलासुरलाही जातो.

पाचवी पायरी : कारणाच्या मागे जा

इथे एकच उदाहरण सविस्तर घेतो, म्हणजे रीत नीट कळेल. समजा, आवारातल्या दृष्टिहीन विद्यार्थ्यांना वाचण्याजोगी पुस्तके मिळत नाहीत हा अडथळा तुम्ही निवडला. पहिल्यांदा सुचणारा उपाय म्हणजे वाचकांची यादी करणे. ती जरूर करावी, पण त्याच वेळी प्रश्न विचारत मागे जावे. पुस्तक वेळेवर का मिळत नाही? स्कॅन करायला वेळ लागतो म्हणून. मग स्कॅन लवकर का सुरू होत नाही? कारण कोणती पुस्तके लागणार हे सत्र सुरू झाल्यावर कळते. ते उशिरा का कळते? कारण शिक्षक संदर्भांची यादी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पक्की करतात. आणि ते आधी का करत नाहीत? कारण त्याने कोणाचे काही अडते, असे त्यांना कधी कोणी सांगितलेलेच नसते. म्हणजे वीस वाचक शोधण्याइतकीच गरज विभागप्रमुखांना भेटून यादीची तारीख एक महिना अलीकडे आणण्याची होती, आणि त्याला पैसा लागत नाही.

पुढचे काम तांत्रिक असले तरी विद्यार्थ्यांना सहज जमण्यासारखे आहे. स्कॅन केलेले पान हे संगणकाच्या दृष्टीने केवळ चित्र असते. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर ते वाचू शकत नाही. त्या चित्रातली अक्षरे ओसीआर प्रणालीने ओळखून घ्यावी लागतात आणि मग एका माणसाने मुळाशी ताडून चुका दुरुस्त कराव्या लागतात, विशेषतः जोडाक्षरे, अंक आणि तक्ते. मराठी मजकुराच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, जी डोळस माणसाच्या लक्षातही येत नाही : युनिकोड म्हणजे सर्व संगणकांनी अक्षरे सारखीच ओळखावीत यासाठीची प्रमाण पद्धत, आणि ती येण्यापूर्वीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले टिपण पडद्यावर सुरेख दिसते, पण स्क्रीन रीडरला त्यात निरर्थक चिन्हांखेरीज काही सापडत नाही. म्हणून शिक्षकांकडे पहिली विनंती अशी असावी की, त्यांनी छापील प्रतीऐवजी युनिकोडमध्ये टाइप केलेली मूळ फाइल द्यावी. शीर्षके शीर्षक म्हणून खूण केलेली असावीत, म्हणजे वाचणाऱ्याला एका प्रकरणावरून दुसऱ्यावर उडी मारता येते, आणि प्रत्येक आकृतीखाली तिचे दोन-तीन वाक्यांचे वर्णन असावे.

स्क्रीन रीडर महाग असतो, हा गैरसमजही वाटेत येतो. एनव्हीडीए हा विंडोजवर चालणारा स्क्रीन रीडर विनामूल्य मिळतो. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन यांनी तो २००६ मध्ये लिहायला घेतला आणि पुढे जेम्स तेह त्यांच्याबरोबर आले. दोघेही स्वतः दृष्टिहीन आहेत. प्रताधिकाराची शंका निघाली, तर २७ जून २०१३ रोजी झालेल्या माराकेश कराराची माहिती ग्रंथपालांना द्यावी. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी पुस्तकांच्या सुलभ प्रती तयार करण्याची आणि अधिकृत संस्थांमार्फत त्यांची देवाणघेवाण करण्याची मोकळीक सदस्य देशांनी आपल्या कायद्यात द्यावी, असे हा करार सांगतो. त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता आणि ३० सप्टेंबर २०१६ पासून तो लागू झाला.

तुमचा अडथळा वेगळा असेल, पण शोधण्याची रीत हीच राहील : कारणामागचे कारण विचारत अशा ठिकाणी पोहोचावे, जिथे एखादी तारीख, एखादा नियम, एखादी किल्ली किंवा एखादी लिहिली न गेलेली सवय बदलता येईल आणि ती बदलणाऱ्या माणसाचे नाव तुम्हाला सांगता येईल.

सहावी पायरी : मागणी लेखी करा

तोंडी दिलेले आश्वासन, देणाऱ्याची बदली झाली की संपते. म्हणून एक पानाचा अर्ज लिहावा. त्यात अडचण कोणाची आणि किती जणांची, ती कोणकोणत्या तारखांना आली, आम्ही कोणता एक बदल मागतो आहोत, त्याला किती खर्च येईल किंवा येणार नाही, आणि उत्तर कधीपर्यंत अपेक्षित आहे, एवढेच असावे. एका अर्जात एकच मागणी घालावी. पाच मागण्या असल्या की सर्वांत सोपी मान्य होते आणि विषय मिटला असे धरले जाते. कार्यालयात अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही आणि शिक्क्यासह पोच घ्यावी. पंधरा दिवसांनी शांतपणे पाठपुरावा करावा आणि प्रत्येक भेटीनंतर, काय ठरले याचे चार ओळींचे पत्र त्याच दिवशी पाठवावे.

नकार आला तर तो कोणत्या कारणाने आला हे लिहून मागावे. त्या कारणातच पुढची वाट असते : अधिकार नाही असे म्हटले असेल तर अधिकार असलेल्याचे नाव मिळते, पैसा नाही असे म्हटले असेल तर बिनखर्चाचा पर्याय मांडता येतो. कार्यालयातल्या लिपिकाला आपला विरोधक समजू नये. नियम कुठे लिहिलेला आहे आणि कुठे नुसताच चालत आलेला आहे, हे त्याला सर्वांपेक्षा चांगले ठाऊक असते, आणि आदराने विचारले तर तो ते सांगतोही. शांततेने केलेल्या अर्ज-विनंत्यांना वारंवार केराची टोपली मिळाली, तर सभा, सह्यांची मोहीम, निदर्शने हे सनदशीर मार्ग विद्यार्थ्यांना आहेतच. मात्र त्याचे परिणाम सर्वांवर सारखे होत नाहीत, शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्याला निलंबनाची किंमत फार मोठी पडते, म्हणून तो निर्णय सर्वांत जास्त जोखीम असणाऱ्यांनी घ्यावा.

जपायच्या गोष्टी

लहान मुलांबरोबर काम असेल तर पालकांची लेखी संमती घ्यावी, वर्ग उघड्या दाराच्या खोलीत घ्यावा, आणि तिथे कायम निदान दोन मोठी माणसे असावीत. कितीही चांगल्या हेतूने असो, एकट्याने एका मुलाला घरी नेऊ किंवा सोडायला जाऊ नये. एखाद्या मुलाने अत्याचाराविषयी काही सांगितले, तर त्याला उलटसुलट प्रश्न न विचारता ऐकून घ्यावे, ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये आणि त्याच दिवशी जबाबदार व्यक्तीपर्यंत ते पोहोचवावे. यात टाळाटाळ चालत नाही.

छायाचित्रांविषयी माझे मत कडक आहे. मदत घेणाऱ्याचा चेहरा आणि मदत देणाऱ्याचे हसू एका चौकटीत आणणारे चित्र काढूच नये, कारण दहा वर्षांनी त्या मुलाला ते कोणाला दिसावेसे वाटेल की नाही, हे आज त्याला विचारता येत नाही. पैशांचे व्यवहार एकट्याच्या खात्यातून करू नयेत. दोन सह्या, प्रत्येक खर्चाची पावती आणि महिन्याला सर्वांपुढे वाचलेला हिशेब एवढे असले की शंकेला जागा राहत नाही.

कामाचा परिणाम कसा तपासावा

किती पुस्तके वाटली, किती जण जमले, हे आकडे सोपे असतात आणि समतेविषयी फारसे काही सांगत नाहीत. त्याऐवजी सुरुवातीला एक साधी मोजणी करून ठेवावी आणि सत्राच्या शेवटी तीच पुन्हा करावी. वरच्या उदाहरणात ती अशी असेल : सत्राच्या पहिल्या दिवशी प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती किती पुस्तके होती आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या हाती वाचता येतील अशी किती होती? हे अंतर कमी झाले का? दुसरा प्रश्न, तुमच्या गटाची गरज कमी झाली का? काम नीट चालले असेल तर ती कमी होत गेली पाहिजे, आणि हे स्वीकारणे मनाला जड जाते, कारण आपली गरज असणे सुखाचे असते.

प्रवेशासाठी किंवा शिष्यवृत्तीसाठी आपल्या ध्येयाविषयी लिहायची वेळ येते, तेव्हा हीच मोजणी उपयोगी पडते. ‘मला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे’ हे वाक्य प्रत्येक अर्जात असते. त्याऐवजी कोणता अडथळा पाहिला, कोणाकडून काय ऐकले, आपला कोणता समज चुकीचा ठरला, काय मागितले, काय मिळाले आणि काय राहून गेले, हे क्रमाने लिहावे. राहून गेलेले लपवू नये. पुढे कोणता अभ्यासक्रम घ्यावा याचे उत्तरही त्यातच मिळते : राहून गेले ते नियमामुळे असेल तर कायदा, नोंदी नसल्यामुळे असेल तर संख्याशास्त्र, इमारतीमुळे असेल तर स्थापत्य, आणि शिकवण्याच्या पद्धतीमुळे असेल तर शिक्षणशास्त्र. समतेचे काम यांपैकी कोणत्याही व्यवसायात राहून करता येते.

शेवटची पायरी : काम सोपवा

विद्यार्थी जाणार हे पहिल्या दिवसापासून ठरलेले असते, म्हणून सोपवण्याची तयारी शेवटच्या महिन्यापर्यंत लांबवू नये. दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीलाच दोन उत्तराधिकारी शोधावेत आणि त्यांपैकी निदान एक जण ज्यांच्यासाठी काम चालले आहे त्यांच्यातला असावा. एका फायलीत सर्व अर्जांच्या पोची, बैठकांची इतिवृत्ते, हिशेब, कोणत्या कामासाठी कोणाला भेटावे याची यादी आणि वर्षभराच्या तारखा ठेवाव्यात. लोकांनी विश्वासाने सांगितलेल्या खासगी गोष्टींची टिपणे मात्र त्या फायलीत जाऊ नयेत, ती सांगणाऱ्याला परत द्यावीत किंवा नष्ट करावीत. पुस्तकांच्या यादीची तारीख अलीकडे आणण्याचा निर्णय झाला असेल, तर तो विभागाच्या वार्षिक वेळापत्रकात छापला गेला आहे याची खात्री करावी.

त्यानंतरच्या दोन बैठका नव्या मंडळींनी बोलवाव्यात आणि चालवाव्यात. तुम्ही मागच्या रांगेत बसावे, विचारले तर सांगावे, न विचारता दुरुस्त्या सुचवू नयेत. तिसऱ्या बैठकीला बोलावणे आले तरच जावे, आणि प्राचार्यांच्या भेटीला ते तुमच्याशिवाय गेले तर त्या दिवशी निर्धास्तपणे आपल्या अभ्यासाला बसावे.